वाचकांचे प्रश्न : मोरचूद, चुना आणि बोअरचे पाणी

शाळेतील विज्ञानाविषयी आलेल्या पत्रांपैकी रसायनशास्त्राच्या प्रयोगांसंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ती सगळी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली आहेत, आणि शाळेत प्रयोगशाळा नाही, किंवा असली तरी नावापुरतीच आहे, ही तक्रार त्यांतील बहुतेकांत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रयोगशाळा म्हणून जी खोली आहे, तिच्यात एक कपाट, काही फुटक्या परीक्षानळ्या आणि चिठ्ठ्या पुसल्या गेलेल्या दहा-बारा बाटल्या आहेत. वर्गात पंचावन्न मुले आहेत आणि प्रयोगासाठी आठवड्याला एक जोडतास मिळतो. रासायनिक अभिक्रियांचे प्रकार मी फळ्यावर समीकरणे लिहून शिकवते आणि मुले ती पाठ करतात. एवढ्या साधनांत खरे प्रयोग करता येतील का?

उत्तर : करता येतील, पण आधी त्या कपाटाचा बंदोबस्त करावा लागेल. चिठ्ठी नसलेली बाटली उघडून वास घेणे, किंवा आतले द्रव्य पाण्यात टाकून ते काय आहे याचा अंदाज बांधणे, हा उद्योग अनुभवी माणसानेही करू नये. त्या बाटल्या मोरीत ओतू नयेत आणि शाळेमागच्या खड्ड्यात पुरूही नयेत. त्या एका खोक्यात उभ्या ठेवून, खोक्यावर ठळक सूचना लिहून, कुलपात ठेवाव्यात आणि त्यांची विल्हेवाट कशी लावायची हे जवळच्या वरिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला विचारावे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. आपण सांगोल्याच्या आहात हे वाचून मला बरे वाटले, कारण आपल्या वर्गातील निदान काही मुलांच्या घरी डाळिंबाची बाग असणार आणि त्या बागेवर बोर्डो मिश्रणाची फवारणी होताना त्यांनी पाहिली असणार. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी घेतात, हे त्या मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचे नाही, प्लॅस्टिकच्या पिंपातच भिजवायचे, हेही त्यांना माहीत असते. मिश्रण तयार झाल्यावर त्यात विळ्याचे पाते किंवा खिळा थोडा वेळ बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुना घालतात, आणि पाते स्वच्छ निघाले तर मिश्रण फवारायला योग्य मानतात. लोखंड मोरचुदाच्या द्रावणातून तांबे बाहेर काढते, ही पाठ्यपुस्तकातील विस्थापन अभिक्रिया आहे, आणि आपल्या तालुक्यातील शेतकरी ती परीक्षेतल्या गुणांसाठी नव्हे, तर कोवळी पाने करपू नयेत म्हणून करत आला आहे.

हाच प्रयोग वर्गात असा करावा. शंभर मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम मोरचूद विरघळवावे. मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळते आणि पाव किलोची पुडी वर्षभर पुरते. दुसऱ्या पेल्यात चुना पाण्यात कालवून पातळ दूध करावे. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला खिळा मोरचुदाच्या द्रावणात पाच मिनिटे धरला की त्यावर तांबे दिसू लागते. खिळा साधा लोखंडी असावा, जस्ताचा मुलामा दिलेला नसावा, नाहीतर अभिक्रिया आधी जस्ताशी होते आणि मुलांच्या वह्यांत भलतेच समीकरण उतरते. आता द्रावणात चुन्याचे दूध एकेक चमचा घालत जावे, प्रत्येक चमच्यानंतर ढवळावे आणि दर वेळी नवा घासलेला खिळा बुडवून पाहावा. आकाशी रंगाचा अवक्षेप वाढत जातो, वरच्या पाण्याचा निळेपणा कमी होत जातो, आणि कितव्या तरी चमच्याला खिळा कोरा निघतो. तो चमचा कितवा, हे मुलांनी लिहून ठेवायचे आहे. या एकाच पेल्यात दुहेरी विस्थापन आणि विस्थापन अशा दोन्ही अभिक्रिया घडतात. अवक्षेप म्हणून खाली बसलेले तांबे खिळ्यावर का चढत नाही, आणि विरघळलेलेच तांबे का चढते, हा प्रश्न मुलांनी आपणहून विचारला, तर त्या तासाला याहून अधिक काही शिकवण्याची गरज नाही.

पुस्तकात दुहेरी विस्थापनासाठी बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट सांगितलेले असते. पाण्यात विरघळणारी बेरियमची संयुगे विषारी आहेत, आणि पंचावन्न मुलांच्या वर्गात, जिथे हात धुवायला एकच नळ आहे, तिथे मी ती वापरणार नाही. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात एप्सम मिठाचे द्रावण घातले तरी तितकाच स्वच्छ पांढरा अवक्षेप मिळतो.

अपघटनासाठी खाण्याचा सोडा घ्यावा. किराणा दुकानातला सोडाच हवा, बेकिंग पावडर चालणार नाही. यासाठी एकच खरेदी करावी लागेल, ती म्हणजे ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा, खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा. तो काही शे रुपयांत मिळतो, आणि माझ्या मते परीक्षानळ्यांचा अख्खा खोका घेण्यापेक्षा तो आधी घ्यावा. स्टीलच्या वाटीत दहा ग्रॅम सोडा मोजून घ्यावा, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे हलवत तापवावा, वाटी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि पुन्हा वजन करावे. वजन उतरायचे थांबेपर्यंत तापवणे आणि तोलणे आळीपाळीने चालू ठेवावे. शेवटी वाटीत सुमारे ६.३ ग्रॅम पावडर उरते. हा आकडा आधी फळ्यावर लिहू नये. मुलांनी समीकरण संतुलित करावे, दोन रेणू सोड्याचे वस्तुमान १६८ आणि त्यांपासून मिळणाऱ्या धुण्याच्या सोड्याचे १०६ असा हिशेब मांडावा, आणि दहा ग्रॅममागे किती उरायला हवे ते काढून मग काट्याकडे पाहावे. कोणाचे ६.५ भरेल, कोणाचे ६.१. ज्याचे जास्त भरले त्याचा सोडा पुरता तापला नव्हता, आणि ज्याचे कमी भरले त्याने हलवताना थोडा सांडला, हे मुले स्वतःच सांगतील. समीकरणातील आकडे खरोखर तोलता येतात, हा अनुभव आमच्या पिढीला सुसज्ज प्रयोगशाळेतही क्वचितच मिळाला. आम्ही रंग बदललेला पाहिला, निरीक्षण म्हणून पुस्तकातले वाक्य उतरवले आणि घंटा झाली.

संख्येच्या अडचणीवर उपाय म्हणजे प्रमाण लहान करणे. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या प्लॅस्टिक पाकिटाचे खळगे हे उत्तम छोटे चंचुपात्र असते. एका खळग्यात तीन-चार थेंब पुरतात, त्यामुळे द्रव्य कमी लागते, कचरा कमी होतो आणि सांडले तरी घात होत नाही. थेंबांसाठी औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या नव्या सिरिंज घ्याव्यात. दवाखान्यातून वापरलेल्या सिरिंज किंवा औषधाच्या बाटल्या कोणी प्रेमाने आणून दिल्या तरी त्या स्वीकारू नयेत. थेंबांवर रसायनशास्त्र शिकवण्याची ही पद्धत गरिबांसाठी काढलेली तडजोड आहे असेही समजू नये. युनेस्कोने अनेक देशांत ती पसरवली आणि दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठात तिच्यासाठी खास संच तयार झाले. पाच-पाच मुलांचे अकरा गट करावेत, आणि प्रत्येक गटात निरीक्षण लिहिणारा मुलगा किंवा मुलगी दर आठवड्याला बदलावी, नाहीतर चांगले अक्षर असलेली मुलगी वर्षभर लिहीतच बसते आणि सिरिंज तिच्या हाती येतच नाही.

प्रश्न : आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. पुष्कळ मुलांचे पालक यंत्रमागावर किंवा सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला आहेत. मी परिसरातील वस्तू वापरून प्रयोग करू असे म्हटल्याबरोबर एका मुलाने डब्यातून हायड्रोस (सूत रंगवताना वापरतात ते रसायन) आणि कॉस्टिक आणले. दुसऱ्याने संडास साफ करण्याचे आम्ल आणि टीसीएल पावडर आणली. मुलांचा उत्साह मोडवत नाही. या वस्तू वापराव्यात का?

उत्तर : हायड्रोस आणि कॉस्टिक आजच्या आज, डबा न उघडता, मुलाच्या पालकांकडे परत द्यावे, आणि हे मुलाच्या हाती न देता पालकांना बोलावून करावे. कॉस्टिक सोड्याचा कण डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हायड्रोसला ओल लागली तर ते तापते, प्रसंगी आपोआप पेट घेते आणि गुदमरवणारा वायू सोडते. ज्या कारखान्यात ते रोज वापरले जाते, तिथल्या कामगाराला ते कसे हाताळायचे हे ठाऊक असते. दप्तरात पाण्याच्या बाटलीशेजारी ते ठेवणाऱ्या मुलाला नसते.

संडास साफ करण्याच्या द्रवात साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. शिक्षकाने स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून, ते पाण्यात टाकून आणखी पातळ करावे आणि खडूच्या किंवा शहाबादी फरशीच्या तुकड्यावर त्याचे दोन थेंब टाकून दाखवावेत, इथपर्यंत माझी हरकत नाही. मात्र टीसीएल पावडर, म्हणजे विरंजक चूर्ण, त्या खोलीतही असू नये. विरंजक चूर्ण आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि बंद वर्गात त्याची थोडी मात्राही घातक ठरते. घरोघरी न्हाणीघर स्वच्छ करताना हे दोन पदार्थ अजाणता एकत्र केले जातात, म्हणून ही अभिक्रिया करून न दाखवता तोंडी समजावून सांगावी आणि मुलांना ती घरी सांगायला लावावी.

याच कारणासाठी पाण्याचे विद्युत अपघटन दाखवताना पाण्यात मीठ घालू नये. मीठ हाताशी असते म्हणून पुष्कळ जण तेच घालतात, आणि धन अग्रावर ऑक्सिजनबरोबर क्लोरीन तयार होतो. मिठाऐवजी चमचाभर धुण्याचा सोडा घालावा. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोके तासलेल्या दोन शिसपेन्सिली आणि पाण्याने भरून उपड्या धरलेल्या दोन सिरिंज एवढ्यावर प्रयोग होतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण मात्र नेमके दोनास एक येणार नाही. थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो आणि थोडा शिसाच्या कार्बनमध्येच खर्ची पडतो, त्यामुळे त्याची बाजू कमी भरते. हे मुलांना खरे तेच सांगावे. आकडे ओढूनताणून जुळवू नयेत.

उत्साहाविषयी आपण लिहिले आहे ते खरे आहे, आणि त्या मुलाला रागावू नये. रंगखात्यात त्याच्या वडिलांनी सूत हौदातून बाहेर काढले की हवा लागताच त्याचा रंग कसा पालटतो, हे त्याला वर्गासमोर सांगायला लावावे. व्हॅट रंग हायड्रोसने पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि धाग्यात शिरल्यावर हवेतील ऑक्सिजनने पुन्हा अविद्राव्य होतो, म्हणून सोलापुरी चादरीचा रंग धुऊन जात नाही. क्षपण आणि ऑक्सिडीकरण यांचे याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही, आणि त्यासाठी डबा उघडावा लागत नाही.

प्रश्न : पंढरपूरजवळच्या आमच्या शाळेत लिटमस कागद संपले की पुन्हा येतच नाहीत. हळदीचा कागद चालेल का? आणि ब्युरेट नसताना अनुमापन शिकवता येईल का?

उत्तर : हळदीचा कागद चालेल, पण अर्ध्या कामासाठी. हळद आम्लातही पिवळी राहते आणि साध्या पाण्यातही पिवळीच राहते. ती लाल होते ती फक्त आम्लारीत. आम्ल ओळखायचे असेल तर जास्वंद किंवा निळी गोकर्ण घ्यावी. गोकर्णीच्या दहा-बारा फुलांचा गरम पाण्यात काढलेला अर्क लिंबाने जांभळा-गुलाबी होतो आणि धुण्याच्या सोड्याने हिरवा होतो. तो दोन दिवसांत नासतो, म्हणून त्यात कागद बुडवून सावलीत वाळवून ठेवावेत. हळद आणि चुना एकत्र आल्यावर लाल होतात हे पंढरपूरच्या, म्हणजे कुंकवाच्या गावच्या, मुलांना मी सांगायला नको. सोलापुरातील तेलुगू भाषक घरांत ओवाळण्यासाठी करतात ते लाल पाणीही हळद-चुन्याचेच असते. त्या पाण्यात लिंबू पिळून ते पुन्हा पिवळे करायला मुलांना सांगावे.

अनुमापनासाठी, म्हणजे एका द्रावणाला दुसरे नेमके किती पुरते हे मोजण्यासाठी, ब्युरेट ही खुणांची काचनळी नसली तरी सिरिंज आहे. पानपट्टीवरचा चुना लिटरभर पाण्यात चांगला ढवळून, झाकून, रात्रभर ठेवावा आणि सकाळी वरची निवळी गाळून घ्यावी. एका लिटर पाण्यात २० अंश सेल्सियसला साधारण १.७ ग्रॅम चुनाच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. म्हणजे वजन न करताही द्रावणाची संहती आपल्याला जवळपास ठाऊक असते, आणि हीच निवळीची खुबी आहे. आता चार टक्क्यांचे व्हिनेगर एक मिलिलिटर घ्यावे, त्यात दहा मिलिलिटर पाणी आणि हळदीचे थोडे पाणी मिसळावे, आणि दुसऱ्या सिरिंजने निवळी सोडत जावी. ढवळल्यावरही लालसर छटा टिकून राहिली की थांबावे. हिशेबाने साडेचौदा मिलिलिटर निवळी लागायला हवी. चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून मार्चमधल्या दुपारी, जेव्हा वर्गात ठेवलेले पाणीही कोमट झालेले असते, तेव्हा सोळा लागतील. हाच प्रयोग एका गटाने सकाळच्या सत्रात आणि दुसऱ्याने दुपारी करावा, प्रत्येकाने आपापली निवळी त्या वेळीच गाळून घ्यावी, आणि आकड्यांतला फरक वर्गात चर्चेला घ्यावा.

निवळी तोंडाने ओढू नये आणि नळीने तिच्यात फुंकूही नये. श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवण्यासाठी फुंकण्याची पद्धत रूढ आहे, पण एखादे मूल हमखास फुंकण्याऐवजी ओढते. त्यापेक्षा बाटलीत सोडा आणि व्हिनेगर घेऊन, झाकणातून सलाइनची नवी नळी काढून, तो वायू निवळीत सोडावा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो आणि आमच्याकडे नळाचे पाणी रोज येत नसल्यामुळे बोअरचेच पाणी वापरले जाते. तिला विज्ञान प्रकल्पासाठी घरच्या घरी करता येईल असा प्रयोग सुचवावा. ज्वालामुखीचा प्रयोग तिने मागच्या वर्षी केला आहे.

उत्तर : आपल्या पत्रातच प्रयोग आहे. या पाण्यात डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही, अशा तक्रारी बोअरच्या पाण्याविषयी घरोघरी ऐकू येतात. तिने त्या तक्रारींचे मोजमाप करावे.

अंगाच्या साबणाचा कीस पावसाच्या किंवा एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात विरघळवून द्रावण करावे. कपड्यांची पावडर घेऊ नये, कारण तिला कठीण, म्हणजे जड, पाण्यातही फेस येतो आणि प्रयोगच फसतो. एकसारख्या बाटल्यांत बोअरचे, नळाचे, आरओचे आणि एसीचे पाणी प्रत्येकी दहा मिलिलिटर घ्यावे. साबणाचे द्रावण थेंब थेंब घालत, दर वेळी झाकण लावून दहा वेळा हलवावे, आणि एक मिनिट टिकणारा फेस येईपर्यंत किती थेंब लागले ते मोजावे. प्रत्येक पाण्यासाठी हे तीनदा करावे. नंतर बोअरचे पाणी दहा मिनिटे उकळून, थंड करून, गाळून पुन्हा थेंब मोजावेत. उकळल्यावर थेंब जितके कमी लागले, तितकी कठीणता तात्पुरती होती, उरलेली कायमची.

आता तिने एक पाऊल पुढे जावे, कारण खरी गंमत इथे आहे. वरच्या उत्तरात सांगितलेली निवळी तेवढ्याच पाण्याने पातळ करून तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडावा. ती आधी दुधाळ होईल. बहुतेक जण इथे थांबतात. वायू तसाच सोडत राहिल्यास काही मिनिटांनी ती पुन्हा स्वच्छ होते, कारण न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट झालेले असते. हे स्वच्छ दिसणारे पाणी म्हणजे तिने स्वतः तयार केलेले कठीण पाणी. ते उकळले की पुन्हा गढूळ होईल, आणि भांड्याच्या बुडाला जो थर बसेल तो तिच्या घरच्या बादलीवरच्या थरासारखाच असेल. दोन्ही थरांवर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा. निवळी पातळ न करता हा प्रयोग केला तर गढूळपणा लवकर जात नाही आणि मुले कंटाळून सोडून देतात, म्हणून ती सूचना विसरू नये. उकळण्याचे काम मोठ्या माणसाने जवळ उभे राहून करावे.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. चमचे-वाट्यांचे प्रयोग सुचवणाऱ्यांविषयी मला आदर आहे, तरीही एक शंका बोलून दाखवतो. शहरातील मोठ्या शाळांना प्रयोगशाळा आणि खेड्यातील शाळांना जुगाड, अशी वाटणी आपण नकळत मान्य करत नाही का? उद्या संस्थाचालक म्हणतील, वाटीत काम भागते, मग परीक्षानळ्या कशाला?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण निरसन माझ्याकडे नाही. असे म्हणणारे संस्थाचालक मी पाहिले आहेत. एका शाळेत मी प्रयोगांचे प्रात्यक्षिक दाखवून परतल्यावर तिथल्या शिक्षकांची काचसामानाची मागणी याच कारणाने परत पाठवण्यात आली, हे मला नंतर कळले आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्यामुळे मी आता दोन याद्या करायला सांगतो. वाटी-चमच्यात जे चांगले होते त्याची एक, आणि जे होत नाही त्याची दुसरी. आम्लापासून हायड्रोजन मिळवून जळती काडी लावणे, मॅग्नेशियमची फीत जाळणे, काचेच्या नळीत मोरचूद तापवून त्यातील स्फटिकजल थंड भागावर थेंबांच्या रूपाने जमताना पाहणे, कार्बनी संयुगांच्या काही कसोट्या, यांना उष्णता सहन करणारी काच, खात्रीची रसायने, हवा खेळती असलेली खोली, अग्निशामक आणि पाण्याचा नळ हे सगळे लागते. स्टीलच्या चमच्यात मोरचूद तापवले तर निळ्याचे पांढरे होते, हे खरे. पण बाहेर पडलेले पाणी दिसत नाही, आणि प्रयोगाचा अर्धा अर्थ त्या पाण्यात आहे. ही दुसरी यादी पाठ क्रमांकासह मुख्याध्यापकांच्या सहीने संस्थेला आणि शिक्षण विभागाला दर वर्षी लेखी द्यावी. ‘प्रयोगशाळा नाही’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही. ‘या सात प्रयोगांसाठी या नऊ वस्तू नाहीत’ या मागणीला निदान नकार तरी लेखी द्यावा लागतो.

दुसऱ्या बाजूने एक गोष्ट आपल्यासमोर ठेवतो. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांपासून सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा उपक्रम पुढे अनेक जिल्ह्यांत पसरला आणि २००२ साली बंद होईपर्यंत तीस वर्षे चालला. तिथली मुले साध्या वस्तूंनी प्रयोग करत; पण तिथे शिक्षकांचे प्रशिक्षण होते, शाळांना प्रयोगसाहित्याचा संच मिळत असे, आणि परीक्षाही प्रयोगांवर आणि पुस्तक उघडे ठेवून घेतली जात असे. स्वस्त साहित्य हा त्या रचनेचा एक भाग होता, तिची जागा घेणारी गोष्ट नव्हती. आपल्याकडे वाटी आली आणि बाकीचे आले नाही, तर आपली शंका खरी ठरेल.

आणि सुसज्ज प्रयोगशाळेविषयीही थोडा कडवटपणा मला माफ असावा. कुलूपबंद कपाटात कोऱ्या काचा आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकमेकांच्या वह्यांवरून उतरवलेले प्रयोग, हे दृश्य आपण मुख्याध्यापक या नात्याने माझ्याहून अधिक वेळा पाहिले असेल. दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी ज्या वह्या माझ्याकडे तपासायला येत, त्यांत चाळीस मुलांच्या खिळ्यावर तांबे एकाच मिनिटाला चढलेले असे.

प्रश्न : मोरचुदाचे प्रयोग झाल्यावर उरलेले निळे पाणी कुठे टाकायचे?

उत्तर : ओढ्यात, विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात टाकू नये, तांबे माशांना आणि पाण्यातील जिवांना फार घातक असते. वर्षभराचे निळे पाणी झाकणाच्या एका प्लॅस्टिक डब्यात साठवावे, डब्यावर ‘विष’ असे लिहून तो कुलपात ठेवावा, आणि त्यात भंगारातले लोखंडी खिळे, तारा, घासलेले पत्र्याचे तुकडे टाकून ठेवावेत. आठवडाभरात निळेपणा जातो आणि तळाशी तांब्याचा तपकिरी चुरा बसतो. नवा घासलेला खिळा बुडवून तासाभराने पाहावा. तो कोरा निघाला तर तांबे जवळपास संपले. मग त्यात थोडे चुन्याचे दूध घालून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी भरपूर साध्या पाण्याबरोबर मोरीत सोडावे. तळाचा गाळ वाळवून डब्यातच बंद ठेवावा आणि पहिल्या उत्तरातील खोक्याबरोबर महाविद्यालयाकडे पाठवावा. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये, पण डबा त्यांना रोज लांबून पाहू द्यावा. पाण्याचा रंग कितव्या दिवशी गेला, याची नोंद ठेवायला एखादा गट तयार होतोच.